सुरु, सुरू आणि सुरुवात

आगरदांड्याच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघण्यात एक सोय आहे. तुम्हाला दुसरं काहीच करता येत नाही. गाडी रांगेत लावलेली, बोट पलीकडे दिघीला, मोबाईलची रेंज येऊन-जाऊन. मग माणूस पाट्या वाचतो. गेल्या शनिवारी मी असाच वाचत बसलो होतो. एका पाटीवर 'आगरदांडा', चहाच्या टपरीवरच्या फळ्यावर 'अगरदांडा', आणि पुढच्या टेम्पोच्या मागे चक्क 'आगरदंडा'. तीन पाट्या, तीन गावं. बोट मात्र एकच.

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण नेमक्या याच गोष्टीवरून मी स्वतःच्याच प्रोजेक्टमध्ये चांगला मार खाल्लाय, त्यामुळे हसू जरा बेतानंच आलं. तर आज त्याबद्दल.

नेहमीच्या वाचकांना आमचा प्रोग्रॅम माहीत आहे. होडीचा हिशेब ठेवतो, बस्स. एका फेरीला डिझेल किती, बर्फ किती, रेशन किती, मासळी कितीला गेली, खलाशांना हंगामाआधी उचल किती दिली होती आणि वाटणी करताना त्यातली किती कापली. माझं आजोळ या बाजूचं. मामाची होडी होती आणि मामाचा हिशेब सिगारेटच्या पाकिटांवर असायचा, त्यातून हा उद्योग सुचला. नोकरी पुण्यात, हे काम शनिवार-रविवारचं. कोड मुक्त आहे, दोन-चार मित्र मदत करतात, वापरणारे मोजके पण चिवट. चिवट म्हणजे रात्री साडेअकराला फोन करणारे.

असाच एक फोन दोन वर्षांपूर्वी आला होता. एका होडीवाल्याने खलाशाची उचल दोनदा कापली होती. खलाशी त्याच्या दारात येऊन बसला होता आणि होडीवाला मला विचारत होता की तुझा प्रोग्रॅम असा कसा काय? मी रात्री दोनपर्यंत कोड तपासला. कोडमध्ये काहीही चूक नव्हती. प्रोग्रॅम वाटणीतून उचल एकदाच कापत होता. दुसऱ्यांदा ती होडीवाल्याने हाताने कापली होती, आणि का, तर आमच्या मदतीच्या पानावर लिहिलं होतं की "वाटणीआधी ॲडव्हान्स वजा करायला विसरू नका". ते पान एका मित्राने फार पूर्वी लिहिलेलं, जेव्हा प्रोग्रॅम स्वतः काही कापत नव्हता. नंतर बटण आलं, त्यावर 'उचल' लिहिलं. तिसऱ्या पानावर मी स्वतः 'आगाऊ रक्कम' असं लिहून ठेवलेलं. आता बिचाऱ्याने काय समजायचं? त्याला वाटलं उचल वेगळी, ॲडव्हान्स वेगळा. शब्द वेगळे आहेत म्हणजे वस्तू वेगळ्या असणार, हा त्याचा तर्क अगदी बरोबर होता. मला नोकरीत इतकी वर्षं हेच शिकवलंय.

पैसे दुसऱ्या दिवशी परत गेले. पण त्या खलाशाच्या डोक्यात 'कॉम्प्युटरने कापले' हे जे बसलं ते काही गेलं नाही.

तेव्हा ठरवलं, मदतीच्या पानांना यंत्राची चाळणी लावायची. कोडला लावतो तशीच. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आमची मदतीची पानं साध्या मजकुराच्या फायली असतात, कोडच्याच शेजारी ठेवलेल्या. कुणी त्यात बदल पाठवला की एक छोटा प्रोग्रॅम आपोआप चालतो, मजकूर वाचतो आणि ठरवलेले नियम मोडले असतील तर ओळ नंबरासकट सांगतो. हे सगळं नवीन नाही. कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणारा 'लिंट' नावाचा प्रोग्रॅम बेल लॅब्जच्या स्टीफन जॉन्सनने १९७८ मध्ये लिहिला. लिंट म्हणजे कपड्यावर चिकटलेला कापसाचा तूस, तो झटकायचा, एवढाच अर्थ. आणि त्याच सुमाराला त्याच बेल लॅब्जमध्ये लोरिंडा चेरी आणि तिचे सहकारी माणसांनी लिहिलेल्या गद्यासाठी असली साधनं करत होते. 'स्टाइल' आणि 'डिक्शन' ही त्यातली दोन. पुढे त्यांचा 'रायटर्स वर्कबेंच' झाला. म्हणजे कोड झटकणारे आणि गद्य झटकणारे एकाच इमारतीतले म्हणायचे! आज यासाठी 'वेल' नावाचं मुक्त साधन बरंच वापरतात. गिटलॅबच्या डॉक्युमेंटेशनला तेच लावलेलं आहे.

मीही आधी वेल लावून बघितलं. यंत्र छान, पण त्याच्यासोबत मिळणारे तयार नियम इंग्रजीचे. कर्मणी प्रयोग टाळा, अमुक शब्द कॅपिटलने सुरू करा, वगैरे. मराठीला कॅपिटल कुठून आणणार? (२०००च्या दशकात ज्यांनी मुक्त सॉफ्टवेअरची मराठी भाषांतरं केली त्यांना हे दुखणं माहीत असेल. 'पोफिल्टर' नावाचं भाषांतर तपासायचं साधन होतं, अजूनही आहे. मूळ वाक्यात कॅपिटल किती आणि भाषांतरात किती, हे मोजायची एक तपासणीही त्यात होती. देवनागरीवाल्यांनी ती बंद करायला शिकणं ही पहिली पायरी.) तेव्हा म्हटलं, आपणच लिहू. पायथनमध्ये दोनशे ओळी, एका रविवारचं काम.

लागला एकच रविवार. पुढचे दोन महिने तो रविवार निस्तरण्यात गेले.

पहिला नियम मी लिहिला तो सगळ्यात सोपा म्हणून: 'सुरु' दिसलं की सांगायचं, 'सुरू' लिहा. शेवटचा उकार दीर्घ, यात कुणाचं दुमत नाही. शब्द पूर्ण असेल तरच पकडायचा म्हणून मी दोन्ही बाजूंना शब्दाच्या सीमेची खूण लावली, जशी कुणीही लावेल. आणि मोठ्या आत्मविश्वासाने 'आपोआप दुरुस्त कर' चालू करून चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर सगळ्या पानांवर 'सुरूवात', 'सुरूवातीला', 'सुरूवातीपासून'. आणि जिथे 'सुरु' होतं तिथे ते तसंच, जागच्या जागी, माझ्याकडे बघतंय.

कारण गमतीशीर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या लेखी शब्दाची सीमा म्हणजे अक्षर आणि 'अक्षर नसलेलं काहीतरी' यांच्यामधली जागा. स, र, व ही अक्षरं. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार ही त्याच्या मते अक्षरं नाहीतच! ती स्वल्पविराम आणि स्पेसच्या पंगतीत बसतात. मग 'सुरु' नंतर स्पेस आली की उकार आणि स्पेस हे दोन्ही 'अक्षर नसलेले' शेजारी शेजारी आले, तिथे सीमा नाही, नियम गप्प. 'सुरुवात' मध्ये मात्र उकारानंतर व येतो, म्हणजे सीमा सापडली, नियम धावून गेला. जो शब्द चुकला होता तो सुटला आणि जो बरोबर होता तो चुकवला गेला. याच हिशेबाने 'कर' हा शब्द शोधायला सांगितलं तर तो 'करा' आणि 'करून' मध्येही सापडतो. शेवटी देवनागरीचा अख्खा पट्टा धरून सीमा स्वतः लिहिली तेव्हा गाडी रुळावर आली.

दुसरा नियम गावांच्या नावांचा. 'दंडा' दिसलं की 'दांडा' करा, असा आगरदांड्यासाठी लिहिला. त्याने रेवदंड्याचं 'रेवदांडा' केलं. एकाच किनाऱ्यावरची दोन गावं, एकाला काना आहे, दुसऱ्याला नाही, आणि दोन्ही बरोबर. यात नियम शोधायला जाल तर फसाल, इथे यादीच लागते.

हे सगळं माझ्या खात्यावर. हसून विसरण्यासारखं. खरी गोष्ट पुढे आहे.

मुरूड बाजूचा एक मुलगा आहे, मच्छीमार सोसायटीत हिशेब लिहितो. बारावीनंतर शिकलेला नाही, पण डिझेलच्या नोंदवहीचं त्याला जेवढं कळतं तेवढं आमच्यात कुणालाच कळत नाही. कोटा कुठे लिहायचा, उचललेलं डिझेल कुठे, शिल्लक पुढच्या महिन्यात कशी ओढायची. जून-जुलैची मासेमारी बंदी होती, त्याला जरा सवड होती, म्हणून मी त्याच्या मागे लागलो की तू हे पान लिही. त्याने लिहिलं. मोबाईलवर टाइप करून, चार रात्री बसून. आणि पाठवलं.

आमच्या यंत्राने त्याला साठ-सत्तर लाल ओळी परत पाठवल्या. 'केलं' नको, 'केले' लिहा. 'म्हावरं' शब्दकोशात नाही. 'लिटर' नको, 'लीटर' लिहा. वाक्य पंचवीस शब्दांपेक्षा मोठं आहे. 'नाखवा' शब्दकोशात नाही. शेवटी ठळक अक्षरात: तपासणी नापास.

'नापास' हा शब्द मीच लिहिला होता. इंग्रजी 'फेल'चं भाषांतर म्हणून, एका सेकंदात, विचार न करता.

आठवडाभर त्याचा काही आवाज नाही. मी फोन केला. म्हणाला, "दादा, तुमचा मशीन मला परत शाळेत घेऊन जातंय. मला वाटलं मी डिझेलचं लिवतोय." मी सांगायचा प्रयत्न केला की अरे, ते असंच असतं, दुरुस्त करायला दहा मिनिटं लागतील, मी करून देतो. तो म्हणाला, "करा ना तुम्हीच. तुमचंच बरोबर असेल." आणि विषय बदलून त्याने मामाची तब्येत विचारली.

यातलं प्रत्येक लाल निशाण कुठल्या ना कुठल्या पुस्तकाच्या आधाराने देता येईल. पण त्या पानावर डिझेलबद्दल एकही चूक नव्हती, आणि ते आमच्या यंत्राला सांगता येत नव्हतं. त्याला 'बरोबर' म्हणायची सोयच नव्हती.

आता जरा मागे जाऊ. मराठी लेखनाचे नियम हा विषय निघाला की लोक दोन गटांत वाटले जातात आणि एकमेकांना शिव्या घालतात, ते मला करायचं नाही. पण थोडा इतिहास माहीत असावा. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले १४ नियम राज्य शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी ४ आले, असे १८. त्याआधीची पुस्तकं काढून बघा. 'घरांत', 'कां', 'नाहीं', उच्चारात नसलेले अनुस्वार जागोजागी. कुठे व्युत्पत्तीचा, कुठे व्याकरणाचा, आणि ते पाठ करण्यात पोरांच्या पिढ्या छड्या खात होत्या. १९६२ने त्यातले बहुतेक काढून टाकले. आपण नियम म्हटलं की बंधन वाढलं असं समजतो, पण त्या वेळचं मोठं काम हे होतं की बरंच काही पाळायची गरज उरली नाही. आणि बोलण्याच्या ढंगात लिहिताना 'असं केलं' च्या अनुस्वाराला त्यांनीही जागा ठेवली आहे. गावांच्या नावांबद्दल एक नियम आहे तो 'पूर'चा: नागपूर, सोलापूर, पू दीर्घ. दांड्याबद्दल महामंडळ काही बोललेलं नाही, बहुतेक शहाणपणानेच.

माझ्या यंत्राने 'केलं'ला लाल केलं तेव्हा ते महामंडळापेक्षाही कडक झालं होतं. हा लेख त्यातून काढला तर पहिल्या पानावरच दम तोडेल!

तर मग काढून टाकायचं का ते यंत्र? नाही. उचलीचे पैसे विसरू नका. माझं मत असं झालंय की बदल अडवायचा अधिकार यंत्राला द्यायचा, पण फक्त तिथे जिथे चुकलं तर वापरणाऱ्याचं नुकसान होतं आणि जिथे वाद नाही. आमच्याकडे आता असे तीनच नियम आहेत.

एक, बटणावर जो शब्द तोच मदतीत. बटणावर 'उचल' आहे तर पानावर 'उचल'च, ॲडव्हान्स नाही आणि आगाऊ रक्कम नाही. ही यादी यंत्र थेट प्रोग्रॅममधून उचलतं, त्यामुळे कुणाच्या आवडीचा प्रश्नच येत नाही. दोन, तुटलेल्या लिंका. तीन, युनिकोड. हा तिसरा लोकांना किरकोळ वाटतो, पण तो नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीची सवय म्हणून कुणी अ वर चंद्र चढवतो, कुणी मध्ये न दिसणारा जोडक घालतो, कुणी हिंदी पद्धतीचं 'ऍ' वापरतो. 'वाऱ्याचा' मधला अर्धा ऱसुद्धा दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्याला जवळजवळ सारखंच दिसतं, पण शोध घेतला तर सापडत नाही. ही चूक माणसाला दिसतच नाही, त्यामुळे यंत्रानेच बघावी. आणि इथे ते अडवतही नाही, स्वतःच गुपचूप सरळ करून टाकतं. लिहिणाऱ्याला पत्ता लागत नाही. लागायचं कारणही नाही.

बाकी सगळं, ऱ्हस्व-दीर्घ, लांब वाक्यं, सूचना म्हणून येतं, तेही फक्त त्या माणसाने बदललेल्या ओळींवर. जुन्या पानांचे पाप नव्याच्या गळ्यात नाही. 'केलं-केले' नियम उडवला. 'म्हावरं' आणि 'नाखवा' आमच्या शब्दयादीत गेले, आणि ही यादी वापरणारेच वाढवतात. 'नापास' गेलं, तिथे आता 'बघून घ्या' येतं.

आमच्यातला एक मित्र याच्या विरोधात आहे. त्याचं म्हणणं, जी सूचना अडवत नाही ती कुणी वाचत नाही, सहा महिन्यांत दोनशे सूचना साचतात आणि मग सगळंच वाऱ्यावर. त्याचं निम्मं बरोबर आहे. साचतात. त्यावर आम्ही काय करतो, तर तीन महिन्यांनी बसून बघतो की कुठल्या नियमाकडे लोक सतत दुर्लक्ष करतायत, आणि तो नियम काढतो. आतापर्यंत लिहिलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त काढलेत. मित्र म्हणतो ही शरणागती आहे. गिटलॅबवालेही चूक आणि सूचना वेगळ्या ठेवतात आणि चुकीलाच अडवतात, हे दाखवल्यावर तो थोडा नरमला. गोऱ्या साहेबाचं उदाहरण दिलं की आपल्याकडे वाद लवकर मिटतो. असो.

हल्ली दुसरा सल्ला मिळतो: कशाला हे नियम-बियम, भाषेचं मॉडेल लावा, ते सगळं नीट करून देईल. करून बघितलं. डिझेलचं पान दिलं, फार सुबक होऊन आलं. म्हावऱ्याची 'मासळी' झाली, नाखव्याचा 'नौकाचालक' झाला, आणि एका ठिकाणी 'उचललेलं डिझेल' चं 'आगाऊ घेतलेलं डिझेल' झालं, म्हणजे हिशेबच बदलला. माझ्या दोनशे ओळींच्या अडाणी प्रोग्रॅमने निदान 'सुरूवात' करताना ओळ नंबर तरी दिला होता. कुठल्या नियमाने केलं ते मला विचारता आलं, आणि नियम चुकीचा आहे म्हणून फाडता आला.

तो मुलगा परत लिहायला लागला, पण लगेच नाही. त्याला मी यंत्र सुधारल्याचं सांगितलं तेव्हा तो "बरं" म्हणाला, एवढंच. नारळी पौर्णिमा झाली, होड्या बाहेर पडल्या, त्याला वेळ नव्हता. मग डिसेंबरात एके दिवशी डिझेलच्या पानावर एक बदल आला. दोन ओळींचा. एक सूचना आली होती, 'लिटर'बद्दल, आणि त्याने खाली उत्तर लिहिलं होतं: पंपाच्या पावतीवर लिटर आहे. मी ती सूचनाही काढून टाकली.

परवा जेटीवर बसल्या बसल्या मी त्याला पाट्यांचे फोटो पाठवले आणि विचारलं, आपल्या फॉर्मच्या नमुन्यात गावाचं नाव काय ठेवायचं? माझ्या मनात आगरदांडा पक्कं होतं, आगर म्हणजे मिठाचं किंवा नारळी-पोफळीचं आगर, सरळ आहे. बोट लागली, गाड्या चढल्या, दिघीचा धक्का जवळ आला तेव्हा रेंज आली आणि त्याचं उत्तर आलं.

"दादा, सोसायटीच्या शिक्क्यावर अगरदांडा हाय. साहेब कागद आणि शिक्का जुळवून बघतो. फॉर्मला तेच ठेवा. बाकी पानावर तुम्हाला पाहिजे ते लिवा."

यादीत अपवाद घातलाय. शिक्का बदलेल तेव्हा बघू.